कॅसिनोतल्या नव्या खेळाचा हाउस एज कसा काढायचा

अंदर-बाहर हा खेळ महाराष्ट्रात बहुतेकांना पोलिसांच्या छाप्याच्या बातमीतून माहीत असतो. जत्रेच्या कडेला, शेतातल्या झाडाखाली, एखाद्या बंद खोलीत गोल करून खेळला जाणारा हा पत्त्यांचा डाव. तोच खेळ आज गोव्यात मांडवीवरच्या जहाजांत, गणवेशातल्या डीलरच्या हातून, रीतसर टेबलावर चालतो. गावातला डाव कॅसिनोच्या टेबलावर चढताना त्याच्या नियमांत एक छोटा बदल होतो. तो का करावा लागतो हे ज्याला कळलं, त्याला जगातल्या कुठल्याही नव्या टेबल गेमचा हाउस एज, म्हणजे लावलेल्या पैशांतला कॅसिनोचा सरासरी हिस्सा, तपासता येईल. म्हणून सुरुवात याच खेळापासून करतो.

खेळ अगदी सोपा आहे. डीलर एक पत्ता उघडून मध्ये ठेवतो, त्याला जोकर म्हणतात. मग एक पत्ता अंदर, एक बाहर, परत अंदर, परत बाहर असे पत्ते पडत जातात. जोकरच्याच आकड्याचा पत्ता ज्या बाजूला आधी पडेल ती बाजू जिंकली. पहिला पत्ता नेहमी अंदरला पडतो असं धरू.

दोन बाजू आहेत, म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी, असं पटकन वाटतं. मोजून पाहू. जोकर काढल्यावर गड्डीत ५१ पत्ते उरतात आणि त्यांत जोकरच्या आकड्याचे ३. हे तीन पत्ते ५१ जागांवर बसण्याचे एकूण २०,८२५ प्रकार होतात. त्यांपैकी १०,७२५ प्रकारांत पहिला जुळणारा पत्ता विषम जागेवर, म्हणजे अंदरला येतो. उरलेल्या १०,१०० प्रकारांत तो बाहरला येतो. टक्क्यांत अंदर ५१.५, बाहर ४८.५. कारण उघड आहे: प्रत्येक जोडीत पहिली संधी अंदरची असते.

आता दोन्हीकडे शंभराला शंभर द्यायचे ठरवले, तर अंदरवर लावणाऱ्याला दर शंभर रुपयांमागे सरासरी ३ रुपयांचा फायदा होतो. गावातल्या डावात हे पैसे एका खेळाडूच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातात. कॅसिनोत मात्र समोर कॅसिनोच बसलेला असतो. असा खेळ त्याने जसाच्या तसा मांडला, तर समजूतदार माणूस रात्रभर अंदरवरच लावत बसेल आणि टेबल बंद करावं लागेल. म्हणून कॅसिनोच्या रूपात अंदर जिंकलं तर शंभराला साधारण नव्वदच मिळतात, बाहरला पूर्ण शंभर. हाच तो बदल.

हिशोब करू. अंदरवर शंभर-शंभर रुपयांचे १०० डाव लावले, म्हणजे एकूण १०,००० रुपये. सरासरी ५१.५ डाव जिंकले, प्रत्येकी ९० रुपये, मिळाले ४,६३५. हरले ४८.५, प्रत्येकी १००, गेले ४,८५०. फरक २१५ रुपये. दहा हजारांवर २१५ म्हणजे २.१५ टक्के. हा अंदरचा हाउस एज. बाहरचा त्याच रीतीने ३ टक्के येतो. दोन्ही बाजूंवर कॅसिनोची कमाई आहे, आणि ती पत्त्यांत हातचलाखी न करता, कुणालाही न फसवता होते. सगळी करामत 'शंभराला नव्वद' एवढ्या दोन शब्दांत आहे.

त्याच अडचणीवर दुसरा तोडगाही काढता येतो. समजा नियम असा केला: अंदरला शंभराला शंभरच मिळतील, पण अगदी पहिल्याच पत्त्याला जुळलं तर फक्त पंचवीस. ऐकताना हा नियम जास्त जाचक वाटतो, कारण पहिल्याच पत्त्याला जिंकल्याचा आनंद हातात येता येता निसटतो. पण पहिला पत्ता जुळण्याची शक्यता ५१ पैकी ३, म्हणजे ५.८८ टक्के. तेवढ्या वेळा ७५ रुपये कमी मिळणार, म्हणजे सरासरी ४.४१ रुपयांचा तोटा. आधीच्या ३ रुपयांच्या फायद्यातून तो वजा केला की कॅसिनोकडे १.४१ टक्के उरतात. म्हणजे हा जाचक वाटणारा नियम खेळणाऱ्याला 'शंभराला नव्वद'पेक्षा स्वस्त पडतो. नव्या खेळाच्या बाबतीत मनाचा अंदाज किती चुकू शकतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. म्हणूनच मोजणं हा एकच मार्ग आहे, आणि तो शाळेच्या गणितापलीकडचा नाही.

व्याख्या एका वाक्यात सांगतो. लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी दीर्घकाळात सरासरी जितके रुपये कॅसिनोकडे राहतात, तितके टक्के हाउस एज. तो काढायला तीन गोष्टी लागतात: काय काय घडू शकतं, प्रत्येक गोष्ट किती वेळा घडते, आणि प्रत्येकीला किती पैसे मिळतात. यातल्या पहिल्या दोन गोष्टी पत्त्यांची गड्डी ठरवून ठेवते. तिसरी कॅसिनो ठरवतो.

रुलेटमध्ये हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. युरोपीय चाकावर ३७ खाने असतात, १ ते ३६ आणि एक शून्य. एका आकड्यावर लावून जिंकलात तर ३५ पट मिळतात, म्हणजे जणू खाने ३६च आहेत. तो जादाचा एक खाना म्हणजे कॅसिनोचा हिस्सा: ३७ पैकी १, म्हणजे २.७० टक्के. अमेरिकी चाकावर दोन शून्यं असतात, ३८ पैकी २, म्हणून ५.२६ टक्के. २०१६ मध्ये लास वेगासच्या व्हेनेशियन कॅसिनोत तिसरं शून्य असलेलं चाक आलं आणि मग ते शहरात इतरत्रही पसरलं. पैसे तेच ३५ पट, खाने ३९, एज ७.६९ टक्के. 'नवं' म्हणून आलेल्या या टेबलावर खेळणाऱ्यासाठी नवीन काहीही नव्हतं, फक्त किंमत जवळपास दीडपट झाली होती. जाहिरातीत नवेपणा दिसला की आधी हेच विचारावं: नक्की काय बदललं, आणि त्या बदलाबरोबर देण्याचे दर बदलले का?

आता जरा गुंतागुंतीचा, पण आपल्या ओळखीचा खेळ घेऊ. थ्री कार्ड पोकर नव्वदच्या दशकात डेरेक वेब या ब्रिटिश माणसाने बाजारात आणला आणि पुढे जगभरच्या कॅसिनोंत स्थिरावला. दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्या मराठी माणसाला तो लगेच कळतो, कारण हात तेच असतात: जोडी, कलर, सिक्वेन्स, प्युअर सिक्वेन्स, ट्रेल. फरक एवढाच की आपल्या तीन पत्तीत ट्रेल सर्वांत वर असते, तर थ्री कार्ड पोकरमध्ये प्युअर सिक्वेन्स ट्रेलच्या वर असते. गणिताच्या बाजूने त्यांचा क्रम बरोबर आहे. प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारांनी होते आणि ट्रेल ५२ प्रकारांनी, म्हणजे प्युअर सिक्वेन्स थोडी जास्त दुर्मिळ.

या खेळात 'पेअर प्लस' नावाचा एक डाव असतो. डीलरचे पत्ते काहीही असोत, तुमच्या तीन पत्त्यांत जोडी किंवा त्याहून चांगलं काही आलं तर पैसे. याचं गणित कागदावर पूर्ण मांडता येतं. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. प्युअर सिक्वेन्स ४८, ट्रेल ५२, साधी सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४, आणि काहीच नाही असे १६,४४०.

मूळ दरपत्रक असं होतं: प्युअर सिक्वेन्सला ४० पट, ट्रेलला ३०, सिक्वेन्सला ६, कलरला ४, जोडीला बरोबरी. सगळे २२,१०० हात एकेकदा, प्रत्येकी एक रुपया लावून खेळलात असं समजा. जिंकलेले रुपये: ४८ गुणिले ४० म्हणजे १,९२०, ५२ गुणिले ३० म्हणजे १,५६०, ७२० गुणिले ६ म्हणजे ४,३२०, १,०९६ गुणिले ४ म्हणजे ४,३८४, आणि जोडीचे ३,७४४. बेरीज १५,९२८. हरलेले १६,४४०. तूट ५१२ रुपये. २२,१०० वर ५१२ म्हणजे २.३२ टक्के. टेबल गेमच्या जगात हा बरा दर आहे.

पुढे बऱ्याच कॅसिनोंनी दरपत्रकात एकच आकडा बदलला: कलरला ४ ऐवजी ३. कलरचे हात १,०९६ आहेत, म्हणून तूट तेवढ्याच रुपयांनी वाढली, ५१२ ची १,६०८ झाली. एज ७.२८ टक्के. टेबल तेच, नाव तेच, कापडावर छापलेल्या पाच आकड्यांपैकी एक फक्त एकाने उतरला, आणि खेळ तिपटीहून महाग झाला.

यातून नव्या खेळाच्या दरपत्रकात नजर कुठे टाकायची ते कळतं. सगळ्यांचं लक्ष सर्वांत वरच्या आकड्याकडे जातं. पण तो हात येतो क्वचित, म्हणून तो आकडा फुगवायला कॅसिनोला फार खर्च येत नाही. समजा उद्या कुणी प्युअर सिक्वेन्सचे ४० पट वाढवून ५० पट केले आणि गुपचूप कलरचा दर ४ वरून ३ वर आणला. वाढीव ५० पटांमुळे खेळणाऱ्यांना ४८० रुपये जास्त मिळाले, कलरमधून १,०९६ गेले. तूट १,१२८, एज ५.१ टक्के. फलकावर मोठ्या अक्षरात '५० पट' झळकेल आणि टेबल पूर्वीपेक्षा दुपटीहून महाग असेल. दरपत्रकाचा मधला आणि खालचा भाग वाचायची सवय लावली, तर अर्धी तपासणी तिथेच होते.

खेळाचं नाव त्याचा एज सांगत नाही, हेही यातच आलं. नवे खेळ विकणाऱ्या कंपन्या एकाच खेळाची अनेक दरपत्रकं मंजूर करून ठेवतात आणि कॅसिनो त्यांतलं हवं ते निवडतो. 'अमुक खेळाचा एज किती?' या प्रश्नाला 'कुठल्या दरपत्रकाचा?' असा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर नाही.

इथपर्यंत एकदा पैसे लावले की संपलं, असे डाव पाहिले. पण बहुतेक नव्या खेळांत मध्येच आणखी पैसे लावायचा निर्णय असतो, आणि तिथे टक्केवारीचा गोंधळ सुरू होतो. थ्री कार्ड पोकरच्या मुख्य डावात आधी अँटी, म्हणजे सुरुवातीची रक्कम, लावायची, पत्ते पाहायचे, मग हात सोडायचा किंवा अँटीएवढेच पैसे आणखी लावायचे. राणी-सहा-चार किंवा त्याहून चांगला हात असेल तर खेळायचं, नाहीतर सोडायचं, हा हिशोबाने सिद्ध झालेला नियम. तो पाळला तर प्रचलित दरपत्रकावर एज ३.३७ टक्के येतो. पण हे टक्के अँटीवरचे आहेत. साधारण तीनपैकी दोन वेळा तुम्ही दुसऱ्यांदा पैसे लावता, म्हणजे एका डावात सरासरी १.६७ अँटी एवढी रक्कम टेबलावर असते. एकूण लावलेल्या पैशांवर काढलं तर तोच खेळ २.०१ टक्क्यांचा.

अल्टिमेट टेक्सास होल्डेममध्ये ही तफावत आणखी मोठी आहे. शफल मास्टर कंपनीतल्या रॉजर स्नो यांनी काढलेला हा खेळ. त्यात सुरुवातीलाच अँटी आणि ब्लाइंड नावाची तेवढीच दुसरी रक्कम लावावी लागते आणि चांगल्या पत्त्यांवर अँटीच्या चौपट रक्कम वाढवता येते. अँटीवर मोजलं तर एज २.१९ टक्के, एकूण रकमेवर मोजलं तर जेमतेम ०.५३ टक्के. एकच खेळ दोन माणसं दोन आकड्यांनी सांगतील आणि दोघंही खरं बोलत असतील. माझं मत असं: दोन खेळांची तुलना करताना एकूण रकमेवरचा आकडा घ्यावा. 'आज रात्री माझे किती जातील' हे काढताना अँटीवरचा घ्यावा, कारण दर डावाला नक्की किती लावायचे हे फक्त अँटीपुरतंच आपल्या हातात असतं.

याहून मोठा गोंधळ होल्ड या आकड्याने होतो. कॅसिनोंच्या ताळेबंदात एखाद्या टेबलाचा होल्ड २५-३० टक्के दिसतो आणि वाचणारा दचकतो. होल्ड म्हणजे टेबलावर जितक्या रकमेच्या चिप्स घेतल्या गेल्या त्यातला किती भाग कॅसिनोकडे राहिला. तुम्ही १०,००० च्या चिप्स घेतल्या. त्याच चिप्स जिंकत-हरत फिरत राहिल्या आणि रात्रभरात एकूण एक लाखाचे डाव झाले. एज ३ टक्के असेल तर सरासरी ३,००० गेले. एज ३ टक्के, होल्ड ३० टक्के. एज हा खेळाचा गुण आहे, होल्ड हा तुम्ही किती वेळ बसलात त्याचा परिणाम.

नव्या खेळांचा सर्वांत मोठा कारखाना ब्लॅकजॅकभोवती, म्हणजे पत्त्यांची बेरीज २१ च्या जवळ न्यायच्या आणि २१ ओलांडली की हरायच्या खेळाभोवती चालतो, आणि इथे देण्या-घेण्याची एक ठरलेली पद्धत दिसते. काहीतरी आकर्षक द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याची किंमत वसूल करायची. जेफ हॉल यांच्या ब्लॅकजॅक स्विचमध्ये तुम्हाला दोन हात मिळतात आणि त्यांचे दुसरे पत्ते आपापसांत बदलता येतात. ही सवलत प्रचंड आहे, साध्या ब्लॅकजॅकमध्ये ती दिली तर कॅसिनो बुडेल. म्हणून दोन वसुल्या आहेत. ब्लॅकजॅक, म्हणजे एक्का आणि दहा गुणांचा पत्ता, आल्यावर फक्त बरोबरीचे पैसे, आणि डीलरचे २२ झाले तर तो हरत नाही, डाव बरोबरीत सुटतो. डीलर २२ वर जाईल असं सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही, पण हे दर शंभर डावांत सात-एक वेळा घडतं. सगळं धरून अचूक खेळणाऱ्यासाठी एज सुमारे ०.६ टक्के राहतो. म्हणजे सौदा वाईट नाही, मात्र 'अचूक खेळणारा' ही अट जड आहे. कुठले पत्ते बदलायचे हे भल्याभल्यांना चुकतं आणि प्रत्येक चुकीची किंमत एजवर चढते. नव्या खेळाचा छापील एज नेहमी सर्वोत्तम खेळीचा असतो. खेळ जितका नवा, तितकी ती खेळी कमी लोकांना माहीत.

याच्या उलट ज्यात देणं काहीच नाही, असा बदल म्हणजे पाचाला सहा. ब्लॅकजॅकला पूर्वी शंभराला दीडशे मिळत. आता लास वेगासच्या अनेक टेबलांवर शंभराला एकशेवीस मिळतात. ब्लॅकजॅक साधारण एकवीस हातांत एकदा येतो. त्यातले डीलरलाही ब्लॅकजॅक आल्याने बरोबरीत सुटणारे सोडले तर दर शंभर हातांत साडेचार. दर वेळी तीस रुपये कमी, म्हणजे एजमध्ये सुमारे १.३६ टक्क्यांची भर. अर्ध्या टक्क्याचा खेळ जवळपास दोन टक्क्यांवर जातो. ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसण्याआधी कापडावर दुसरं काही नाही वाचलं तरी चालेल, ही एक ओळ वाचावी.

बकाराचा ईझी बकारा हा अवतार मला मनापासून आवडतो, कारण तो गणिती दृष्टीने फार नेटका आहे. बकारात प्लेअर आणि बँकर अशा दोन बाजूंवर पैसे लावतात. मूळ खेळात बँकरची बाजू थोडी जास्त जिंकते, म्हणून तिच्या जिंकण्यावर ५ टक्के कमिशन कापतात. ते सुट्टे मोजत बसल्याने खेळ रेंगाळतो. ईझी बकारात कमिशन काढून टाकलं, आणि नियम एकच केला: बँकर तीन पत्ते घेऊन सात गुणांवर जिंकला तर डाव बरोबरीत. मूळ खेळात बँकरचा एज १.०६ टक्के, इथे १.०२. खेळणाऱ्याला किंचित स्वस्त, कॅसिनोला वेग. पण त्याच तीन पत्त्यांच्या सातवर 'ड्रॅगन ७' नावाचा जोडडावही ठेवला, ४० पट देणारा. तो येतो २.२५ टक्के वेळा. एज ७.६१ टक्के. खरी कमाई तिथे आहे.

जोडडाव हे नव्या टेबलांचं पोट भरणारं अंग असतं. मुख्य खेळ सौम्य, बाजूचे डाव तिखट. बकाराच्या टायवर, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येण्यावर, आठ पट मिळतात आणि एज १४.३६ टक्के आहे. कॅसिनो वॉर या अगदी पोरखेळासारख्या खेळात सहा गड्ड्यांवर टायचा एज १८.६५ टक्के आहे. असा डाव दिसला की गणित स्वतः करून पाहावं. एक नमुना देतो. अंदर-बाहरमध्ये 'चाळीस पत्ते पडून गेले तरी जोकर जुळणार नाही' असा जोडडाव कुणी शंभर पटीने दिला असं समजा. तीनही जुळणारे पत्ते शेवटच्या अकरा जागांत असायला हवेत. त्याचे प्रकार १६५. २०,८२५ पैकी १६५, म्हणजे १२६ वेळांत एकदा. खरी किंमत १२५ पट असताना देतात शंभर. एज २० टक्के. 'शंभर पट' हा शब्द कानाला गोड लागतो, पण लावलेल्या प्रत्येक शंभरातले वीस तिथेच राहतात.

तासाच्या खर्चात याचं रूप स्पष्ट होतं. तासाला ४० डाव, दर डावाला अंदरवर ५०० रुपये: एकूण २०,००० वर २.१५ टक्के, सरासरी ४३० रुपये. सोबत दर डावाला फक्त १०० रुपये त्या शंभरपटी जोडडावावर: एकूण ४,००० वर २० टक्के, ८०० रुपये. पाचपट लहान डाव जवळपास दुप्पट पैसे नेतो.

हे आकडे ठरवतं कोण आणि तपासतं कोण? अमेरिकेच्या नेवाडा राज्यात नवा टेबल गेम आणायचा तर गेमिंग कंट्रोल बोर्डाकडे नियम आणि गणिती अहवाल द्यावा लागतो, स्वतंत्र प्रयोगशाळेची तपासणी होते, आणि खऱ्या कॅसिनोत चाचणी घेतल्यावरच कायमची परवानगी मिळते. मंजूर खेळांचे नियम बोर्ड सर्वांसाठी खुले ठेवतं. मायकेल शॅकलफोर्ड यांच्यासारख्या लोकांनी तेच गणित बाहेरून, खेळणाऱ्याच्या बाजूने करून जगापुढे मांडलं. ते पेशाने विमागणिती होते. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्यात त्यांनी नोकरी केली होती. आयुर्मानाचा हिशोब आणि पत्त्यांचा हिशोब यांत पद्धतीचा फरक फार थोडा आहे.

पद्धती दोन. शक्य असेल तिथे सगळे प्रकार मोजायचे. थ्री कार्ड पोकरमध्ये तुमचे २२,१०० हात आणि प्रत्येकासमोर डीलरचे १८,४२४, म्हणजे ४० कोटी ७१ लाख ७० हजार ४०० जोड्या. आजचा साधा संगणकही त्या सहज मोजतो. अल्टिमेट टेक्सास होल्डेममध्ये हाच आकडा सुमारे २ लाख ७८ हजार कोटींवर जातो, मग सारख्या हातांचे गट पाडून काम हलकं करावं लागतं. जिथे तेही जमत नाही तिथे संगणकाकडून लाखो डाव खेळवून सरासरी काढतात. त्या सरासरीत थोडी चूक राहतेच. अंदर-बाहरचे १० लाख डाव खेळवले तरी उत्तर ०.१ टक्क्याने इकडे-तिकडे होऊ शकतं. ०.०१ टक्क्याची अचूकता हवी असेल तर सुमारे नऊ कोटी डाव लागतात.

आता माणसाच्या अनुभवाचं वजन किती ते पाहा. पाच तास बसून अंदरवर ५०० रुपयांचे २०० डाव खेळलात. सरासरी तोटा २,१५० रुपये, पण नशिबाचा नेहमीचा चढउतारच ६,७०० रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे असे दहा जण बसले तर त्यांतले तीन-चार जण जिंकून उठतील. ते खरंच जिंकलेले असतात आणि खरंच सांगतात की या नव्या टेबलावर पैसे सुटतात. त्यांच्या सांगण्यावरून एज कळत नाही. पाहुण्यांनी, मित्रांनी, व्हिडिओ करणाऱ्यांनी सांगितलेल्या अनुभवावर नव्या खेळाची पारख करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. नियम आणि दरपत्रक मागून घ्या. ते लेखी नसेल, किंवा विचारल्यावर टाळाटाळ झाली, तर त्या टेबलावर बसायचं कारण उरत नाही.

आपल्याकडे हे सगळं कुठे लागू पडतं तेही सांगायला हवं. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ साली कॅसिनोंसाठी एक कायदा झाला होता, तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्याचा निर्णय झाला. गोव्याने आपल्या जुगार कायद्यातल्या १९९२ आणि १९९६ च्या दुरुस्त्यांनी वाट काढली. पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ, आणि डीलर असलेली खरी टेबलं फक्त जहाजांवर. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे, त्यामुळे मोबाइलवर अंदर-बाहरचा 'कमी एज' दाखवणारी जाहिरात आली तर तिचा एज तपासायचा प्रश्नच येत नाही. आणि खेळणं आवरत नाही, उसने पैसे लावावेसे वाटतात, घरी खोटं सांगावं लागतं, अशी वेळ आपल्यावर किंवा घरातल्या कुणावर आली असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

गोव्याच्या टेबलावर आणखी एक किंमत असते, आणि ती हाउस एजच्या कुठल्याही तक्त्यात येत नाही: कर. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्ससाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर परत कर नाही, तो आत येणाऱ्या पैशांवर एकदाच. समजा १०,००० च्या चिप्सवर हा कर वरून घेतला, तर ४,००० रुपये पहिला पत्ता पडण्याआधीच गेले. अंदरच्या २.१५ टक्क्यांनी एवढे पैसे जायला सरासरी १ लाख ८६ हजारांचे डाव लावावे लागतील, म्हणजे पाचशेच्या डावाने ३७० हून जास्त. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर वेगळा, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. काही कॅसिनो जीएसटीचा भार प्रवेशाच्या पॅकेजमध्ये मुरवतात, काही वेगळा दाखवतात. म्हणून चिप्सच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारावा: दहा हजार दिल्यावर टेबलावर लावता येण्याजोग्या आणि परत रोख करता येण्याजोग्या चिप्स किती रुपयांच्या मिळतील?